तू देऊ शकत होतीस

आमच्या आणि शेजारणीच्या परसात मिळून एकच लाकडी कुंपण आहे, छातीएवढ्या उंचीचं. त्याच्या मधल्या खांबाला अलीकडून माझी कपडे वाळत घालायची दोरी बांधलेली आहे, पलीकडून तिची. मी ओली चादर टाकली की खांब हलतो आणि तिचे कपडे झोके घेतात. २४ जून २०१६, शुक्रवार. सकाळी सातच्या सुमारास मी मागचं दार उघडलं तर ती आधीच परसात उभी होती. रात्रपाळी करून आलेली, केअर होमचा निळा गणवेश अंगावर तसाच. टोपलीतून एक कपडा काढायची, झटकायची आणि दोरीवर न टाकता परत टोपलीत ठेवायची. दोन-तीनदा तसं झालं. मग तिचं माझ्याकडे लक्ष गेलं.

“तू मत दिलंस ना काल?”

“हो,” मी म्हणाले.

“थँक यू,” ती म्हणाली. आणि तिनं पहिल्यांदा एक टॉवेल दोरीवर टाकून त्याला चिमटे लावले.

मी मत दिलं नव्हतं.

आता त्या मतदानाला दहा वर्षं होत आली. पहाटे पावणेपाचच्या सुमाराला टीव्हीवर निकाल पक्का झाला, आठ वाजून गेल्यावर पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून घराबाहेर येऊन पद सोडत असल्याचं सांगून गेले, पौंड तीस वर्षांत घसरला नव्हता इतका घसरला. हे सगळं पुस्तकांत आलेलं आहे. मला जे सांगायचंय ते त्या टॉवेलाबद्दल आहे. एका खोट्या ‘हो’वर एका बाईला जरा धीर आला, हे मी डोळ्यांनी पाहिलं आणि तरी गप्प राहिले.

ब्रिटननं युरोपियन युनियनमध्ये राहावं की बाहेर पडावं, एवढाच प्रश्न होता. मतपत्रिकेवर दोन चौकोन, एकात फुली मारायची. पण फुली मारायची कुणी, इथं गोष्ट माझ्यापर्यंत येते. ब्रिटनमध्ये कायद्यानं राहणाऱ्या राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना या मतदानात मत होतं. म्हणजे भारताचा पासपोर्ट बाळगणाऱ्या मला होतं. युनियनच्या इतर देशांतून येऊन इथं घरं केलेल्या लाखो लोकांना ते नव्हतं. आयर्लंड, माल्टा आणि सायप्रस एवढाच अपवाद. मी कोल्हापूरहून लग्न होऊन लंडनजवळच्या स्लाऊला आले त्याला तेव्हा सात वर्षं झाली होती. ती आली २००५ साली, पोलंड युनियनमध्ये गेल्याच्या दुसऱ्याच वर्षी, बसनं दीड दिवसाचा प्रवास करून. तिचा मुलगा इथंच जन्मला. अकरा वर्षं ती इथल्या म्हाताऱ्या माणसांना अंघोळ घालत होती, त्यांची नखं काढत होती, शेवटच्या रात्री त्यांचा हात धरून बसत होती. तिच्या संसाराचं पुढं काय, हे ठरवायला मला बोलावणं होतं. तिला नव्हतं.

माझं पोल कार्ड मी फ्रिजच्या दारावर चुंबकानं लावून ठेवलं होतं. ती चहाला आली की ते तिच्या डोळ्यांसमोर असायचं. एकदा तिनं ते काढून घेतलं, दोन्ही बाजूंनी वाचलं आणि परत होतं तसं, सरळ रेषेत लावून ठेवलं. बोलली काहीच नाही.

त्या गुरुवारी लंडन आणि आसपास पावसानं कहर केला होता. सखल भागांत पाणी साचलं होतं, गाड्यांचे हाल होते. मी भिजून चिंब होऊन घरी आले तेव्हा साडेसात वाजले होते. मतदान रात्री दहापर्यंत होतं आणि मतदानाची शाळा माझ्या दारापासून चालत आठ मिनिटांवर. तेव्हा पाऊस हे कारण मी पुढं कुणाला सांगितलं असतं तरी ते खरं नव्हतं. खरं कारण मी लहानपणापासून बरोबर आणलं होतं. आमच्या घरात आजी म्हणायची, घरमालकाच्या भावाभावांचं भांडण लागलं तर भाडेकरूनं आपलं दार लावून घ्यावं. मी या देशात भाडेकरू म्हणून राहत होते. कर वेळेवर भरायचा, कचऱ्याचा डबा ठरल्या वारी बाहेर ठेवायचा, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. युरोपात राहायचं का नाही ते त्यांचं ते बघून घेतील, आपल्याला काय करायचंय? मी वरण-भात लावला, कपडे बदलले आणि झोपले.

भिंतीपलीकडे जी राहत होती ती या भांडणात घरमालकही नव्हती आणि भाडेकरूही नव्हती. भांडण तिच्याच अंगणावरून चाललं होतं. हे मला त्या रात्री सुचलं नाही, असं मी म्हणू शकत नाही. सुचलं होतं. मी कूस बदलली.

बाहेर पडावं म्हणणारे १ कोटी ७४ लाख, राहावं म्हणणारे १ कोटी ६१ लाख. ५१.९ टक्के आणि ४८.१. फरक १२ लाख ६९ हजार मतांचा. मी तो आकडा कितीदा तरी मनात घोळवला, कारण त्यात मला सोडवणूक दिसायची. १२ लाख ६९ हजारांत माझं एक मत कुठं लागतं? पण मत न देणारेही सव्वा कोटीहून जास्त होते. आपापल्या घरी वरण-भात लावून झोपलेले. तो आकडा दिसला की माझी सोडवणूक संपायची.

स्कॉटलंड राहावं म्हणाला, उत्तर आयर्लंड राहावं म्हणाला, लंडन राहावं म्हणालं. इंग्लंड आणि वेल्स बाहेर पडावं म्हणाले. आणि आमचं स्लाऊ? इथं गोऱ्या ब्रिटिशांची वस्ती तेव्हा जेमतेम एक तृतीयांश होती. बाकी आम्ही सगळे: पंजाबी, मीरपुरी, पोलिश, सोमाली, थोडे गुजराती, मूठभर मराठी. त्या स्लाऊनं ५४.३ टक्क्यांनी बाहेर पडावं असा कौल दिला. हा आकडा मला त्या दिवशी दुपारी कळला आणि मी सहकाऱ्यांकडे बघणं टाळू लागले. बाहेरच्यांचा राग गोऱ्यांना आला, ही सोपी समजूत आमच्या गावापुरती तरी खोटी पडली होती. रस्त्यात दिसणारा दर दुसरा माणूस, म्हणजे आपल्याच रंगाचा, आपल्याच दुकानात कोथिंबीर निवडणारा माणूस, त्यानं काय केलं असेल?

पोलिश लोकांचं त्या दिवसांत हेच झालं होतं. ती नंतर मला म्हणाली, सरकारची तिला भीती वाटली नाही. सरकारं तिनं लहानपणी याहून वाईट पाहिली होती. तिला जड गेलं ते रोजच्या माणसांकडे बघणं. बसचा ड्रायव्हर, फार्मसीतली मुलगी, मुलाच्या शाळेच्या फाटकावरच्या आया. प्रत्येकाच्या तोंडाकडे बघून मन हिशोब करायचं: दोघांतला एक. विचारायची सोय नाही. विचारलं आणि नको ते उत्तर आलं तर उद्या पुन्हा त्याच बसनं जायचं.

मतदानाच्या आठवडाभर आधी, १६ जूनला, यॉर्कशरमध्ये जो कॉक्स या खासदार बाईंचा भर दिवसा खून झाला. मतदारांना भेटायला त्या गावच्या ग्रंथालयात निघाल्या होत्या. वय ४१, दोन लहान मुलं. एका आठवड्यानंतर निकाल लागला. त्या रविवारी लंडनच्या हॅमरस्मिथमधल्या पोलिश सांस्कृतिक केंद्राच्या दारावर कुणीतरी घाणेरडं रंगवून गेलं. पुढच्या एक-दोन दिवसांत शेजारपाजारच्या इंग्रज लोकांनी तिथं फुलं आणि चिठ्ठ्या आणून ठेवल्या, ढीग लागला. ती मुलाला घेऊन बघायला गेली होती. परत आल्यावर म्हणाली, “शिव्यांनी रडू आलं नाही. फुलं बघून आलं. दाराशी फुलं ठेवतात ती गेलेल्या माणसासाठी.”

त्याच दिवसांत लोक कपड्यांवर सेफ्टी पिन लावून हिंडू लागले. माझ्याजवळ तुम्ही सुरक्षित आहात, असा त्याचा अर्थ. मी बांगडीत दोन-तीन पिना अडकवून ठेवते, आमच्याकडच्या सगळ्या बायका ठेवतात. पदर सुटला, पिशवीचा बंद तुटला तर असाव्यात म्हणून. बसथांब्यावर एक म्हातारी इंग्रज बाई माझ्या मनगटाकडे बघत राहिली, मग तिनं स्वतःच्या कोटावरची पिन मला दाखवली आणि माझा हात हातात घेऊन दाबला. तिचे डोळे भरले होते. मी तिला काय सांगणार होते? बस येईपर्यंत आम्ही तशाच उभ्या राहिलो. घरी आल्यावर मी पिना काढून डबीत टाकल्या. कित्येक महिने बांगडीत पिन अडकवली नाही.

अण्णांविषयी लिहिल्याशिवाय हे पुरं होणार नाही. अण्णा माझ्या सासऱ्यांचे चुलतभाऊ, सातारा जिल्ह्यातले. १९७१ साली आले आणि तीस वर्षं कारखान्यात रात्रपाळ्या केल्या. त्यांनी बाहेर पडण्याच्या बाजूनं मत दिलं आणि ते कधी लपवलं नाही. निकालानंतरच्या रविवारी आम्ही त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. माझ्या नवऱ्यानं विषय काढला तसं त्यांनी ताट बाजूला सारलं.

“पोरी, तू मला वेडा समजतेस का?” ते मला म्हणाले. नवऱ्याशी बोलायचं सोडून ते माझ्याशी का बोलत होते ते मला कळलं नाही. “माझा बाप मराठा पलटणीत होता. इटलीत लढला. पाय घेऊन परत आला हे नशीब. आणि आज इटलीचा पोरगा नुसतं ओळखपत्र दाखवून आत येतो. येऊ दे, माझं काही म्हणणं नाही. पण माझी बहीण?”

त्यांची धाकटी बहीण गावी एकटी होती. विधवा, मूल नाही, दोन्ही गुडघे गेलेले. तिला आपल्याजवळ आणायचा अर्ज अण्णांनी २०१३ साली केला. वर्षभर आधी, जुलै २०१२ मध्ये नियम असे आवळले होते की मोठ्या वयाच्या आईबापांना, भावंडांना आणणं जवळजवळ बंदच झालं. पैसे मोजूनही मायदेशी त्यांची काळजी घेणारं कुणी मिळू शकत नाही, हे सिद्ध करायचं. भारतात पैसे दिले तर बाई मिळते, हे कोण नाकारणार? अर्ज नामंजूर झाला. मग मतदानाच्या आधी प्रचारक वस्त्यांत फिरले आणि म्हणाले, युरोपचं दार मिटलं की तुमच्या लोकांसाठी उघडेल. भारतीय हॉटेलवाल्यांना सांगितलं, तुमचे आचारी येतील. अण्णांनी ऐकलं. चाळीस वर्षं ज्याला कुणी काही सांगितलं नव्हतं त्याला एकानं येऊन सांगितलं.

आणि एक गोष्ट अण्णांना तारखेनिशी पाठ होती. १ जानेवारी १९७३. त्या दिवशी ब्रिटन युरोपच्या सामायिक बाजारात शिरलं. त्याच दिवशी राष्ट्रकुलातून येणाऱ्यांना अडवणारा १९७१ चा इमिग्रेशन कायदा अमलात आला. एकाच सकाळी एक दार उघडलं, एक लागलं. अण्णा तेव्हा पंचविशीत होते. त्या सकाळची जखम त्यांनी त्रेचाळीस वर्षं जपली होती आणि मतपत्रिका हातात आल्यावर तिला तोंड मिळालं. मला त्यांचं मत पटलं नाही, आजही पटत नाही. पण ते द्वेषातून दिलेलं नव्हतं, हे मी कुणासमोरही सांगेन. ज्या कारखान्यात ते होते तिथं त्यांचा सगळ्यात जवळचा मित्र एक पोलिश फिटर होता, युद्धानंतर इथं राहिलेला. तोही इटलीत लढलेला होता, मॉन्ते कसिनोला. दोघं डबे बदलून खायचे, हेही त्याच जेवणात अण्णांनीच सांगितलं. सांगताना त्यांना आपल्या दोन गोष्टींत काही विरोध आहे असं वाटलं नाही. मला वाटला, पण मी कोणत्या तोंडानं बोलणार? त्यांनी जाऊन फुली तरी मारली होती.

२०१७ च्या डिसेंबरात मी कोल्हापूरला गेले. बाबांना मी शेजारणीबद्दल सांगत होते, पोलंड हा शब्द आला आणि ते उठून बसले. “वळिवड्याची माणसं!” म्हणाले.

वळिवडे मला माहीत होतं, गांधीनगरजवळचं गाव म्हणून. गांधीनगरला लग्नाचा बस्ता बांधायला सगळे जातात. पण त्या गांधीनगरचं पहिलं बिऱ्हाड कुणाचं, हे मी कधी नीट ऐकलं नव्हतं. पोलंडच्या पूर्वेकडची लाखो माणसं सोव्हिएत राजवटीनं १९४० च्या सुमाराला घरांतून उचलून सायबेरियात नेली. १९४१ मध्ये सुटका झाल्यावर जी वाचली त्यांतली बरीच इराणमार्गे बाहेर पडली. त्यांतल्या सुमारे पाच हजारांना, बहुतेक बायका आणि पोरं, कोल्हापूर संस्थानात वळिवड्याला छावणी बांधून ठेवलं. १९४३ ते १९४८. शाळा, चर्च, दवाखाना, सिनेमा, सगळं त्या बराकींत होतं. पुढं ते गेले आणि त्याच बराकींत फाळणीत घर गेलेले सिंधी आले. पोलिश छावणी होती तेव्हा बाबा सात-आठ वर्षांचे. त्यांचे वडील पंचगंगेकाठची वांगी आणि कोबी बैलगाडीत घालून छावणीवर न्यायचे आणि बाबा गाडीत मागं बसायचे. सायकलवर बसलेल्या बायका त्यांनी पहिल्यांदा तिथं पाहिल्या. एक बाई रोज कोबी घेताना ‘केवढ्याला’ असं स्पष्ट मराठीत विचारायची. एकदा तिनं बाबांच्या हातावर साखरेचा खडा ठेवला आणि डोक्यावरून हात फिरवला. “हात थांबवेचना,” बाबा म्हणाले. “आपलं कुणीतरी त्या वयाचं गेलं असणार तिकडं.” ऐंशी वर्षांचे बाबा हे सांगताना स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवत होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही महावीर उद्यानात गेलो. तिथं त्या लोकांच्या आठवणीचा स्तंभ आहे. माझं सगळं शिक्षण कोल्हापुरात झालं, त्या बागेत मी शेकडो वेळा भेळ खाल्ली आहे, आणि तो स्तंभ मी कधी वाचला नव्हता. फोटो काढला.

स्लाऊला परतल्यावर तिला दाखवला. तिच्या आईची आई त्याच पूर्वेकडच्या भागातली. पण कम्युनिस्ट राजवटीत सायबेरियाचा विषय शाळेत नव्हता आणि घरात आजी बोलत नसे. तिनं फोन हातात घेतला, दोन बोटांनी फोटो मोठा केला, लहान केला, पुन्हा मोठा केला. मग बाबांच्या कोबीची गोष्ट मला दोनदा सांगायला लावली. दुसऱ्यांदा सांगताना मला वाटलं, आता हिला खरं सांगावं. तोंडाशी आलं होतं. तिच्या चेहऱ्यावरचं समाधान मोडवेना, म्हणून नाही सांगितलं. गप्प राहण्याची ही दुसरी वेळ.

२०१९ च्या एप्रिलमध्ये ती माझ्याकडे फोन मागायला आली. युरोपातून आलेल्या सगळ्यांनी, कितीही वर्षं राहिलेले असोत, इथं राहण्यासाठी नव्यानं अर्ज करायचा होता. अर्जाची ६५ पौंडांची फी आधी होती, ती गदारोळ झाल्यावर रद्द झाली. पासपोर्ट तपासायचं सरकारी ॲप त्या वेळी फक्त ॲन्ड्रॉइड फोनवर चालायचं आणि तिचा फोन ॲन्ड्रॉइडचा नव्हता. माझा होता.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर आम्ही बसलो. पासपोर्टच्या पानाचा फोटो घेतला. मग फोन मिटलेल्या पासपोर्टवर उताणा ठेवायचा, आतली चिप वाचली जाईपर्यंत हलवायचा नाही. तीनदा चुकलं. चौथ्या वेळी आम्ही दोघींनी फोनवर तळहात ठेवले, पोळी लाटताना पोळपाट धरावा तसे, आणि श्वास रोखून बसलो. चिप वाचली गेली. मग चेहरा. फोन तोंडासमोर धरायचा आणि पडद्यावर एकामागून एक रंग लखलखतात, तेवढा वेळ स्थिर राहायचं. मी समोर बसले होते. लाल, हिरवा, निळा असा उजेड तिच्या कपाळावरून, गालांवरून जात होता. पन्नाशीची बाई, चौदा वर्षं कामाला एक दिवस उशीर न केलेली, आणि ती चोराचा फोटो काढतात तशी ताठ बसून, पापणी न लववता, मी इथं राहू का म्हणून एका यंत्राला विचारत होती. तेही माझ्या फोनवरून.

“झालं,” ती म्हणाली आणि फोन टेबलावर ठेवला.

“मी त्या वेळी मत दिलं नव्हतं,” मी म्हणाले. “तुला हो म्हणाले ते खोटं होतं.”

ती पासपोर्ट पिशवीत घालत होती. घालून झाला. पिशवीची चेन लावली. मी पावसाबद्दल काही बोलणार होते, आजीबद्दल, १२ लाख ६९ हजारांबद्दलही, तीन वर्षं हे सगळं पाठ करून ठेवलं होतं.

“तू दिलं असतंस तरी हेच झालं असतं,” ती म्हणाली. मग थोडं थांबून म्हणाली, “पण तू देऊ शकत होतीस.”

चहा अर्धा तसाच ठेवून ती गेली. पुढं पाच-सहा आठवडे आमचं बोलणं हवापाण्यापुरतं झालं. ती कपडे घरातच वाळवत होती. तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर मी त्या घेतल्या असत्या. तिनं दिल्या नाहीत. मग जूनमध्ये एका सकाळी माझ्या दोरीवरची चादर आपोआप झोका घ्यायला लागली. पलीकडे ती ओले कपडे टाकत होती. कुंपणावरून तिनं बीटाच्या साराचा डबा पुढं केला. माफ केलं का, हे मी विचारलं नाही. आजही विचारलेलं नाही.

तिला राहायची परवानगी ईमेलनं आली. सोबत एक पत्र. हे पत्र म्हणजे परवानगीचा पुरावा नव्हे, असं त्या पत्रातच लिहिलेलं. कार्ड नाही, शिक्का नाही. तिनं ते पत्र तरीही छापून आणलं, प्लॅस्टिकमध्ये घातलं आणि मुलाच्या जन्मदाखल्याबरोबर ठेवलं.

३१ जानेवारी २०२० ला रात्री अकरा वाजता ब्रिटन बाहेर पडलं. आमच्या गल्लीत दोन-चार फटाके वाजले आणि थांबले. ती रात्रपाळीवर होती. पुढच्या वर्षांत तिच्या केअर होममधल्या काही पोलिश बायका गावी परत गेल्या आणि त्यांच्या जागी केरळच्या, पंजाबच्या मुली आल्या. माणसांच्या टंचाईनं २०२२ मध्ये सरकारला केअर होमच्या कामासाठी व्हिसा खुला करावा लागला होता. अण्णांना दिलेलं वचन असं भलत्याच वाटेनं आणि अर्धंच पाळलं गेलं. त्या मुलींना काम शिकवते ती माझी शेजारीण. २०२४ च्या मार्चपासून या कामासाठी नव्यानं येणाऱ्यांना नवरा-मुलं बरोबर आणायला बंदी झाली.

अण्णांची बहीण २०१८ मध्ये गावीच वारली. म्हाताऱ्या माणसांना आणायचा नियम होता तसाच आहे. अण्णा त्या मतदानाबद्दल आता बोलत नाहीत. चूक झाली असंही म्हणत नाहीत आणि मी ते त्यांच्याकडून वदवून घेणार नाही. मागच्या दिवाळीला मी शेजारणीला त्यांच्याकडे फराळाला घेऊन गेले. त्यांनी तिला त्या पोलिश फिटरची गोष्ट सांगितली आणि त्याच्याकडून शिकलेले चार पोलिश शब्द म्हणून दाखवले. त्यांतले दोन शिव्या निघाल्या. ती इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. अण्णांनी कसं मत दिलं होतं, हे तिला माहीत आहे. मीच सांगितलं होतं, न्यायच्या आधी. लपवून न्यायची माझी तयारी नव्हती.

ती ब्रिटिश नागरिकत्व घेत नाही. फी खूप वाढलेली आहे, पण कारण ते नाही. ज्या घरात मी राहतेच आहे ते पुन्हा मागणार नाही, म्हणते. मुलासाठी मात्र तिनं फी भरली. त्याला दहा वर्षं पूर्ण झाल्यावर नोंदणी करून त्याचा पासपोर्ट घेतला.

त्या एका गुरुवारनंतर मी एकही मतदान चुकवलेलं नाही. नगरपालिकेचंही नाही. आपल्या माणसांना, जिथं कुठं तुम्हाला मत असेल तिथं द्या, असं मी भेटेल त्याला सांगते, आणि का ते विचारलं तर हेच सगळं सांगते. ४ जुलै २०२४ ला संसदेची निवडणूक होती. तिच्या मुलाला मे महिन्यात अठरा पूर्ण झाली होती. संध्याकाळी आम्ही तिघं त्या आठ मिनिटांवरच्या शाळेपर्यंत चालत गेलो. आता ओळखपत्र दाखवावं लागतं. माझ्या हातात भारताचा पासपोर्ट होता, त्याच्या हातात ब्रिटनचा. आत दोरीला बांधलेली पेन्सिल होती. त्यानं मला हळूच विचारलं, फुली चौकोनाबाहेर गेली तर चालते का. ती फाटकाशी उभी राहिली होती, आम्ही बाहेर येईपर्यंत.